कोकराची बोली

गुरुवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी धरणाच्या पायथ्याच्या चौथ्या पाइपातून काचेच्या बरणीत पाणी घेतले आणि ते उजेडाकडे धरले. पाणी गढूळ होते.

मातीचे धरण पाझरतेच. पाझरलेले पाणी बाहेर नेण्यासाठीच हे पाइप बसवलेले असतात. राज्याच्या धरण-सुरक्षा विभागात बत्तीस वर्षे निरीक्षक म्हणून काम करताना पाणी किती येते याची मला क्वचितच काळजी वाटली. ते कसे येते, याकडे मी पाहत आलो. स्वच्छ पाणी हे फक्त पाणी असते. गढूळ पाण्याचा अर्थ असा, की धरण आतल्या आत पोखरले जात आहे आणि स्वतःचीच माती थोडी थोडी बाहेर टाकत आहे. या धरणामागे खाण कंपनीचा, कोळसा धुतल्यावर उरणारा काळा गाळ एकवीस वर्षे साठत आला आहे. धरणाखाली डोव्ह ब्रँच नावाची अरुंद दरी आहे, दरीत अकरा घरे आहेत आणि त्यांतले वरून दुसरे घर माझ्या मुलीचे, टॅमराचे आहे.

त्या दिवशी मी अहवाल लिहिला नाही. ही माझी पहिली चूक, आणि ती मी एका चांगल्या सवयीमुळे केली. एकाच नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, असे तंत्रनिकेतनात आमच्या अंगी बाणवलेले होते. बुधवारी पाऊस झाला होता. उतारावरचे पाणी पाइपाच्या तोंडाशी मिसळले असण्याची शक्यता होती. म्हणून कोरड्या हवेत, त्याच वेळी, आणखी दोन दिवस पाणी घ्यायचे आणि मग लिहायचे, असे मी ठरवले. बत्तीस वर्षे मी असेच करत आलो होतो.

लिहायचे म्हणजे खरे तर एकच शब्द लिहायचा. अहवाल पंचवीस पानांचा असतो, पण वाचला जातो तो शेवटच्या चौकटीतला शब्द: समाधानकारक, साधारण, निकृष्ट किंवा असुरक्षित. पहिल्या तीन शब्दांनी पत्रव्यवहार सुरू होतो. चौथ्या शब्दाने त्याच दिवशी खाण बंद होते, धरणामागचे गाळाचे तळे उपसायला घ्यावे लागते आणि खालच्या लोकांना घरे सोडायला सांगावे लागते. आमच्या राज्यात हा कायदा ज्याने आणला, तो माणूस वेंडेल गॉफ.

वेंडेल हा राज्याच्या सिनेटमधला आमचा प्रतिनिधी. एकोणीस वर्षांपूर्वी शेजारच्या दरीत असेच एक धरण फुटले, तेव्हा तो शाळेत विज्ञान शिकवत असे. चिखलातून माणसे ओढून काढताना आम्ही दोघे एकाच दोराला होतो. पुढच्याच वर्षी तो निवडणुकीला उभा राहिला, निवडून आला आणि बाकी सर्व कामे बाजूला ठेवून त्याने हा कायदा मंजूर करून घेतला. त्याच्या प्रत्येक निवडणुकीत त्याच्या नावाची पाटी माझ्या अंगणात असे. म्हणूनच शुक्रवारी दुसऱ्या दिवसाचे पाणीही गढूळ निघाले, तेव्हा मी ते आधी त्याला सांगायला गेलो. ही दुसरी चूक.

काउंटीची जत्रा भरली होती. अग्निशमन दलाच्या तंबूत वेंडेल बीन्स आणि मक्याचा पाव खात एकटाच बसला होता.

"ये अन्सेल, बस," तो म्हणाला. "बीन्स घे. अळणी आहेत, पण आग विझवणाऱ्यांना स्वयंपाकाचं काय बोलायचं."

मी पिशवीतून बरणी काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

"कुठला पाइप?"

"चौथा."

"पाऊस झाला होता की परवा."

"बुधवारी झाला. आज शुक्रवार आहे. उद्याचंही असंच निघालं, तर मी चौथा शब्द लिहिणार."

"उद्या," तो म्हणाला. "म्हणजे अजून लिहिला नाहीस."

"नाही."

त्याने चमचा खाली ठेवला. "निकृष्ट लिही ना. निकृष्ट लिहिलंस तरी दुरुस्ती होईलच. मी स्वतः त्यांच्या मागे लागतो."

"कधी?"

"नोव्हेंबरात मतदान झालं की."

"धरणाला सांगू का तसं? मतदान होईपर्यंत थांब म्हणून?"

तो हसला नाही. "मागच्या खेपेला माझ्या जाहिरातींचे पैसे कुठून आले, माहितीये तुला?"

"लोकांनी दिले. मीही पन्नास डॉलर दिले होते."

"तुझे पन्नास मिळाले मला. बाकीचे कंपनीचे. तेही माझ्या हातात आलेच नाहीत. कुठल्याशा समितीच्या नावानं परस्पर टीव्हीवर गेले. मी मागितलेसुद्धा नव्हते रे. एक दिवस टीव्ही लावला, तर त्यात मीच. यंदा वसंतात त्यांचा माणूस घरी आला. ॲपल पाय बाकी छान खाल्ला त्यानं, बायकोची तारीफ केली, आणि जाता जाता म्हणाला, तेच पैसे दुसऱ्या कुणाच्या नावानंही टीव्हीवर जाऊ शकतात."

"जाऊ देत."

"मी हरेन."

"हरलास तर शाळेत शिकव परत. मुलांना तू आवडायचास."

"तुला काय जातंय बोलायला." मग त्याचा आवाज खाली आला. "मला भीती वाटते, अन्सेल. तुला नाही वाटत?"

मला वाटत होती. पण ती बरणीतल्या पाण्याची. त्याच्या डोळ्यांसमोर बरणी नव्हतीच. ज्याने हा कायदा आणला, त्यालाच आता तो कायदा पाळला जाईल याची धास्ती वाटत होती, हे माझ्या लक्षात आले. 

उठताना त्याने विचारले, "आणखी कुणाला सांगितलंस?"

"फक्त तुला."

"बरं केलंस," तो म्हणाला.

शनिवारी नऊ चाळीसला तिसरी बरणी भरली. ती अर्धा तास सपाट दगडावर ठेवली, तेव्हा तळाशी बोटभर गाळ बसला. आता शंकेला जागा नव्हती. अहवाल नीट लिहायला मला चार तास लागतात, आणि दुपारी दोन वाजता जत्रेत कोकरांचा लिलाव होता. टॅमराच्या मुलीचे, ब्रिन्लीचे, कोकरू त्यात होते. ती चौदा वर्षांची आहे. बिस्किट नावाचे ते कोकरू तिने मार्चपासून वाढवले होते. मी येईन असा शब्द तिला दिला होता. लिलाव आटोपून लिहायला बसू, असे मी ठरवले.

आमच्याकडची रीत अशी, की मुलांनी वाढवलेल्या जनावरांना गावातले दुकानदार, बँका, दवाखाने बाजारभावापेक्षा जास्त किंमत देतात. मुलांच्या शिक्षणाला हातभार लागतो, देणाऱ्याचे नाव होते, सगळे टाळ्या वाजवतात. त्या दिवशी पाउंडाला पाच-सहा डॉलर भाव चालला होता. औषधाच्या दुकानाने एका मुलाला नऊ दिले, तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या.

ब्रिन्ली बिस्किटला घेऊन रिंगणात आली. वजन एकशे बत्तीस पाउंड. पुकारणाऱ्याने पाचपासून सुरुवात केली आणि दुसऱ्याच क्षणी कोणीतरी वीस म्हणाले. मग पलीकडच्या बाकावरून चाळीस. मग साठ. लोक माना वळवून पाहू लागले. मी दोघांनाही ओळखत होतो. एक कंपनीचा खरेदी अधिकारी होता आणि दुसरा कंपनीचा वकील. एकाच खिशातून आळीपाळीने दोन हात वर होत होते.

"शंभर. दीडशे मिळतात का? दीडशे. अहो, ही मेंढी आहे, शर्यतीचा घोडा नाही, नीट बघून बोला," पुकारणारा म्हणाला, आणि मांडव हसला.

मी हसू शकलो नाही. माझ्या छातीत आकडे वाजत होते. दोनशे. अडीचशे. टॅमराने माझा दंड घट्ट धरला होता. "डॅडी, हे काय चाललंय?" तिने विचारले, पण तिचा चेहरा आनंदाने लाल झाला होता. तीनशे डॉलरवर हातोडा पडला. एकोणचाळीस हजार सहाशे. सगळा मांडव उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. त्या टाळ्यांत मी एकटाच बसून होतो आणि मला वाटत होते की आता प्रत्येक जण माझ्याकडे पाहील. कोणीही पाहिले नाही. सगळे मुलीकडे पाहत होते. ती कोकराच्या मानेला मिठी मारून रडत होती.

घेणारा, मूल आणि कुटुंब यांचा फोटो काढायची पद्धत आहे. मी मागे सरकलो, पण ब्रिन्लीने धावत येऊन माझा हात ओढला. "पॅपॉ, चल ना. तू नसलास तर मी पण नाही उभी राहणार." मी उभा राहिलो. मागे कंपनीच्या नावाचा कापडी फलक होता. वकिलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. वेंडेल बाजूला उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

घरी येऊन मी लिहायला बसलो. मला वाटले, त्यांनी मला विकत घेण्याचा प्रयत्न केला आहे, आणि विकत जायचे नसेल तर उपाय सोपा आहे: लिहायचे ते लिहावे. शेवटच्या चौकटीत मी असुरक्षित असे लिहिले आणि सात वाजून पन्नास मिनिटांनी अहवाल पाठवला. रविवारी उत्तर आले नाही. विभागाच्या तातडीच्या फोनवर मी तीन वेळा बोललो. प्रत्येक वेळी उत्तर तेच मिळाले: अहवाल मिळाला आहे, वरिष्ठ पाहत आहेत.

सोमवारी सव्वाआठला विभागाच्या वकीलबाईंचा फोन आला. त्यांचे नाव पेट्री.

"मिस्टर ब्रमिट, तुमचा अहवाल बाद झालाय."

"का?"

"शनिवारी दुपारी तुमच्या नातीला कंपनीकडून एकोणचाळीस हजार सहाशे डॉलर मिळाले."

"कोकराचे."

"हो, कोकराचेच. निरीक्षकाच्या घरच्या माणसाला कंपनीकडून पन्नास डॉलरपेक्षा जास्त काही मिळालं, तर त्या क्षणापासून निरीक्षकाला त्या जागेबद्दल अहवाल देता येत नाही. नियम अकरा. तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत होता, पण कोकराच्या लिलावाला तो लागेल हे माझ्या डोक्यात आले नव्हते. नियम अकरा लिहिणाऱ्या समितीत मी होतो. पन्नासाचा आकडा मीच सुचवला होता.

"तक्रार कोणी केली?"

"तक्रार नाहीच. कंपनीनं स्वतः कळवलं. शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी, फॉर्म भरून. सोबत फोटो आहे. तुम्ही आहात त्यात."

"आम्ही पैसे परत करतो."

"करा, पण मिळाल्याची वेळ बदलत नाही ना."

"गुरुवार-शुक्रवारच्या नोंदी आहेत माझ्याकडे. लिलावाच्या आधीच्या."

"त्या तुमच्या वहीत आहेत. आमच्याकडे आल्या त्या शनिवारी संध्याकाळी."

"बाई, खाली अकरा घरं आहेत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "कंपनीच्या इंजिनिअरनं काल पाहणी केली. त्याचं म्हणणं, ते पावसाचं पाणी आहे. आपला दुसरा निरीक्षक सव्वीस तारखेला जाईल. आणि तोवर त्या धरणाबद्दल कुणाशी बोलू नका. तुमची पेन्शन अडकेल. हे मला सांगावंच लागतं."

सव्वीस तारखेला सोळा दिवस होते.

फोन ठेवल्यावर मी सगळे पुन्हा जुळवून पाहिले. मला विकत घ्यायचा त्यांनी प्रयत्नच केला नव्हता. मी विकला जाणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या खात्रीवरच त्यांनी बेत आखला होता. लाच घेणारा निरीक्षक त्यांना कमी खर्चात पडला असता. प्रामाणिक निरीक्षकाचा अहवाल बाद करायला मात्र नियम अकरा लागतो. आणि मी तीन दिवस पाणी मोजत राहून, दुसऱ्या दिवशी वेंडेलला सांगून, त्यांना लागणारा वेळही दिला होता.

वेंडेलच्या कार्यालयातल्या मुलीने सांगितले की सिनेटर बैठकीत आहेत. शेरीफ म्हणाला, "अन्सेल, विभागाचा कागद आण, पाच मिनिटांत सायरन वाजवतो. कागदाशिवाय लोकांना घराबाहेर काढलं तर माझीच नोकरी जाईल." मी गाडी काढून धरणावर गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने यादीवरून दोनदा बोट फिरवले आणि ओशाळून म्हणाला की माझे नाव काढले आहे. मग मी दरीत उतरलो. पाइपांचे पाणी ज्या ओढ्याला मिळते, तो टॅमराच्या घराजवळून वाहतो. त्यातले दगड शुक्रवारी दिसत होते. आता दिसत नव्हते.

टॅमरा कपडे वाळत घालत होती. ब्रिन्ली स्वयंपाकघराच्या टेबलाशी आभाराचे पत्र लिहीत होती. घेणाऱ्याला मुलांनी असे पत्र लिहायचेच, अशी रीत आहे. मी दोघींना समोर बसवून सगळे क्रमाने सांगितले.

"पण धोका असता तर सरकारनं कळवलं नसतं का?" टॅमरा म्हणाली.

"टॅमरा, सरकार म्हणून इथे येत होतो तो मीच."

ती माझ्याकडे पाहत राहिली. लहानपणी वादळाच्या वेळी ती अशीच माझा चेहरा पाहून ठरवत असे की घाबरायचे की नाही. मी चेहरा सांभाळण्याचा प्रयत्न केला नाही.

"बिस्किटमुळे झालं का हे?" ब्रिन्लीने विचारले.

"नाही बाळा."

"मग फोटोमुळे? मीच ओढलं तुला."

"तुझं काहीच चुकलं नाही. त्यांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं." हे मी तिला सांगितले, पण तिने पेन खाली ठेवले आणि पत्र उलटे करून ठेवले, म्हणजे त्यावरची अक्षरे तिला दिसू नयेत.

टॅमरा उठली. कुठून सुरुवात करावी हे तिला कळत नव्हते. तिने आधी फ्रिज उघडला, मग बंद केला, मग औषधांचा डबा आणि घराची कागदपत्रे पिशवीत भरली. "उरलेल्या लोकांचं काय?" तिने विचारले.

"मी जातो."

"तुला बोलायची बंदी आहे ना?"

"आहे."

सर्वांत वरचे घर ओपल रिफ यांचे. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि चाकांच्या वॉकरच्या आधाराने चालतात. त्यांनी दार उघडले, तेव्हा त्यांच्या हातात सकाळचे वर्तमानपत्र होते आणि त्यात तो फोटो होता.

"या, कोकराचे सावकार," त्या म्हणाल्या. "आता आम्हा गरिबांकडे कसं काय येणं केलंत?"

"ओपल, सामान घ्या आणि निघा. धरण फुटण्याची भीती आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"कागद आहे?"

"नाही. होता तो बाद केला."

त्यांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरले. "हा तूच ना? त्यांच्या फलकाखाली? एका मेंढीचे चाळीस हजार घेतलेस, आणि दोन दिवसांनी त्यांचं धरण वाईट म्हणून सांगत फिरतोस. का रे, पुरले नाहीत?"

फोटो खरा होता, रक्कम खरी होती. त्या क्षणी मला नीट कळले, की त्यांनी केवळ माझा अहवाल काढून घेतला नव्हता. या दरीत माझ्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक शब्दाची किंमत त्यांनी आधीच काढून घेतली होती. धरणाबद्दल आणखी काही बोललो असतो, तर ते खोटेच वाटले असते.

ओपलची नजर माझ्या खांद्यावरून खाली गेली. टॅमरा गाडीत गादी कोंबत होती. ब्रिन्ली दोन्ही हातांनी टीव्ही धरून पायऱ्या उतरत होती.

"पोरगी कुठे चालली?" ओपलने विचारले.

"माझ्याकडे. डोंगरावर."

"कधीपर्यंत?"

"माहीत नाही."

त्यांचा हात दाराच्या चौकटीवरून वॉकरच्या दांडीवर गेला. "दोन मांजरं आहेत माझी," शेवटी त्या म्हणाल्या.

"दोन्ही घ्या. टॅमरा न्यायला येईल तुम्हाला."

टॅमराच्या घराखालच्या, वरून तिसऱ्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता. मी दार वाजवले. आवाज बंद झाला. पडदा जरासा हलला. दार उघडले नाही. तिथेही वर्तमानपत्र येत असणार. मी दुसऱ्यांदा दार वाजवले, मग तिसऱ्यांदा. मग दाराच्या फटीशी तोंड नेऊन, अहवाल वाचतात तसे सांगू लागलो: माझे नाव, आजची तारीख, वेळ दहा वाजून पंचवीस मिनिटे, पाइप चौथा, पाणी गढूळ आणि वाढते, धरण असुरक्षित. सांगून झाल्यावर आतून काही उत्तर येते का, म्हणून थांबलो. ओढ्याचा आवाज तेवढा येत होता. मी पुन्हा पहिल्यापासून, आणखी मोठ्याने, सांगायला सुरुवात केली.